प्रवासात खाता-पिताना कपड्यांवर सांडू नये म्हणून काय करता? (बाबांसाठी विचारतेय)

जास्वंदी

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आम्ही कल्याणहून नागपूरला लग्नाला निघतोय. संध्याकाळची गाडी, सकाळी नागपूर. कार्यालयातली खोली दुपारी मिळणार, म्हणजे गाडीतले कपडे अंगावर ठेवूनच सगळ्या पाहुण्यांना भेटायचं आहे. एरवी याचं काही वाटलं नसतं, पण प्रश्न बाबांचा आहे.

बाबा 76 वर्षांचे आहेत आणि त्यांना कंपवात आहे. उजवा हात जास्त थरथरतो. घरी ते स्वतःच्या हाताने जेवतात, वेळ लागतो पण जेवतात. प्रवासात मात्र हल्ली त्यांनी खाणंच सोडलंय. "मला भूक नाही" म्हणतात आणि पाण्याचा घोटसुद्धा टाळतात. कारण मला ठाऊक आहे. आयुष्यभर पांढरा झब्बा-लेंगा, तोही कडक इस्त्रीचा. त्यावर आमटीचा ओघळ आला आणि चार लोकांनी पाहिला, ही गोष्ट त्यांच्या मनातून जात नाही. गोळ्या वेळेवर घ्याव्या लागतात, उपाशीपोटी चौदा-पंधरा तास काढणं त्यांच्या तब्येतीला झेपणारं नाही. तरी ते कपड्यांपायी उपाशी राहतात, हे बघवत नाही.

तर मला हवंय ते असं: अंगावर काय घालता येईल, बरोबर कसलं खाणं न्यावं, आणि तरीही सांडलंच तर गाडीतल्या गाडीत काय करावं. आई सकाळी उतरण्याआधी रेशमी साडी नेसणार आहे, तिच्यासाठीही सांगा.

एकच अट. लहान बाळाच्या लाळेऱ्यासारखं दिसणारं काही नको. ते त्यांना घालायला सांगणं माझ्याच्यानं होणार नाही.

घाटवाट

कल्याणहून नागपूर म्हणजे वाटेत थळ घाट. कसाऱ्याला गाडी थांबते, मागून बँकर (घाटात गाडी ढकलणारी जादा) इंजिनं लागतात, आणि ती लागताना डब्याला धक्का बसतो. घाट 37 फुटांना 1 फूट असा उभा, त्यामुळे इगतपुरी येईपर्यंत गाडी वळणं घेत, आचके देत चढते. संध्याकाळच्या गाड्यांचं नेमकं जेवणाच्या वेळेलाच हे होतं. बाबांना एक तर कसाऱ्याच्या आधी जेवायला बसवा, नाहीतर सरळ इगतपुरी ओलांडल्यावर. मधे ताट उघडूच नका. पुण्याच्या गाड्यांना हीच गोष्ट कर्जतला होते, म्हणून तिकडेही कप हातात असेल तर बँकर लागेपर्यंत खाली ठेवायचा.

दुसरं, मोठ्या जंक्शनमध्ये शिरताना आणि निघताना गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जाते तेव्हा डबा आडवा हलतो. मनमाड, भुसावळ ही तशी ठिकाणं. चहा प्यायचाच तर गाडी फलाटावर उभी असताना प्यावा, चालत्या गाडीत नाही. आणि डब्याच्या मधोमधचा बाक मागा. चाकांच्या वरचा, दाराजवळचा जास्त उडतो.

कडीपत्ता

गडद रंगाचा शर्ट घालायला द्या आणि एक जोड जास्तीचा ठेवा. इतका विचार कशाला?

जास्वंदी

@कडीपत्ता, जास्तीचा जोड असणारच आहे. पण हलत्या गाडीत, त्या एवढ्याशा टॉयलेटमध्ये, तोल सांभाळत झब्बा बदलणं त्यांना जमत नाही. आणि पांढरा घालणं ही त्यांची आवड आहे. आजारामुळे आधीच बरंच काही सुटलंय, कपड्याचा रंग तरी त्यांचा त्यांनी ठरवावा असं मला वाटतं.

@घाटवाट, कसाऱ्याचं अजिबात लक्षात आलं नव्हतं. मनापासून आभार.

चाफा

ताई, रागावू नका, पण प्रवासापुरतं तुम्ही भरवलंत तर? एक रात्रीचा तर प्रश्न.

मोरपिशी

@चाफा, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतं. पण मी ज्येष्ठांबरोबरच काम करते (ऑक्युपेशनल थेरपी), आणि जे माणूस स्वतः करू शकतो ते त्याच्या हातून काढून घेऊ नये, एका रात्रीसाठीही नाही, असं मी घरच्यांना कळकळीने सांगते. अनोळखी लोकांसमोर मुलीने भरवणं हे आमटी सांडण्यापेक्षा त्यांना जास्त लागेल. पुढच्या वेळी ते गाडीत बसायलाच नाही म्हणतील.

जास्वंदी, सांडणं कमी करायचं तर आधी ताट आणि तोंड यांतलं अंतर कमी करायचं. मांडीवर उशी, उशीवर परात, आणि परातीत त्यांचं ताट किंवा वाडगा. परातीच्या काठामुळे जे पडेल ते परातीतच पडतं, शिवाय ताट छातीच्या बरंच जवळ येतं. ताटाखाली एक ओला, घट्ट पिळलेला नॅपकिन पसरा, ताट मग सरकत नाही. कोपर खिडकीच्या कडेला किंवा दुसऱ्या उशीवर टेकलं तर हाताचा कंप पुष्कळ कमी लागतो. कोपर हवेत असलं की थरथर थेट चमच्यापर्यंत पोचते.

ताट सपाट घेऊ नका, उभ्या काठाचा वाडगा घ्या. चमचा जाड दांड्याचा आणि जरा वजनदार. हलका प्लास्टिकचा चमचा अशा हाताला सर्वांत वाईट.

मधला बर्थ उघडायच्या आत जेवण उरकून घ्या. तो एकदा उघडला की खालच्या बाकावर ताठ बसता येत नाही, आणि मान वाकवून जेवताना हमखास सांडतं.

पाण्यासाठी झाकणाचा, दोन्ही बाजूंना कान असलेला मग मिळतो. स्ट्रॉ वापरायचा विचार असेल आणि त्यांना पाणी पिताना ठसका लागत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. गिळायला त्रास असणाऱ्या काही जणांना स्ट्रॉने पिणं धोक्याचं ठरतं.

लालडबा

वर परातीचं लिहिलंय त्याला शंभर वेळा हो. एसटीत आणि गाडीतही मांडीवर परात हाच उपाय आमच्या घरी चालतो, लहान मुलांनाही.

एसटीसाठी थोडं वेगळं: मागच्या चाकाच्या पुढची तीन-चार बाकडी धरा, सर्वांत मागचं टाळा. घाटात काहीही खायला देऊ नका. उसाचा रस, ताक, सोडा हे सगळं थांब्यावर उभ्या-उभ्या संपवायचं, ग्लास घेऊन गाडीत चढायचं नाही. मुलांना फळांच्या रसाचा खोका दिला की ती तो मधोमध दाबून धरतात आणि नळीतून कारंजं उडतं. खोक्याच्या वरच्या दोन कानांना दुमडून उभं करायचं आणि तिथेच धरायला शिकवायचं. तिथे दाब बसत नाही.

अंजिरी

खाण्याबद्दल मी सांगते, हा माझा आवडीचा विषय.

आपल्या आज्या-पणज्या प्रवासाला दशम्या द्यायच्या त्यामागे टिकण्याइतकंच हेही कारण असावं असं मला वाटतं. दुधात मळलेली दशमी मऊ राहते, तुकडे पडत नाहीत, आणि तिच्याबरोबर पातळ काही लागत नाही. धपाटी, तिखटमिठाच्या पुऱ्या, गूळपोळी ही सगळी त्याच घराण्यातली. मात्र शेंगदाण्याची किंवा कारळाची चटणी कोरडी देऊ नका. कोरडी चटणी बोटांतून निसटते आणि तिचं तेल कपड्याला लागतं. ती घट्ट दह्यात कालवा, दशमीला आतून लावा आणि गुंडाळी करा. गुंडाळीचे दोन बोटं रुंदीचे तुकडे कापले की एका घासात एक जातो. बटाट्याची कोरडी भाजीही अशीच, पण हळद न घालता, जिरं-मिरचीवर. हळद नसली तरी चवीत फार फरक पडत नाही आणि निम्मी काळजी मिटते.

टाळायचं ते: वरण, आमटी, कुठलाही रस्सा. साबुदाण्याची खिचडी चमच्यावरून घरंगळते. चिवडा आणि शेव थरथरत्या हाताला अगदीच नको. बुंदीचा लाडू फुटतो, त्यापेक्षा गूळपापडीची वडी द्या, तीही लहान.

आणि सर्वांत उत्तम म्हणजे दहीभात. तोही जुन्या पद्धतीचा, मऊ भात गार झाल्यावर दुधात कालवायचा आणि विरजणाचा एक थेंब घालायचा. जेवायच्या वेळेपर्यंत दही लागतं, आंबट होत नाही. तो चमच्याला धरून राहतो, ओघळत नाही. शिवाय पांढऱ्या झब्ब्यावर चुकून शीत पडलं तरी दिसत नाही, पुसलं की गेलं. मोहरी-मिरचीची फोडणी कमी तेलात द्या, हिंग घाला, हळद नको. उन्हाळा असेल तर पाच-सहा तासांत संपवा, रात्रभर ठेवू नका.

घाटवाट

दहीभाताची युक्ती मनापासून पटली.

परीटघडी

आमचं लाँड्री आणि ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे, दोन पिढ्यांचं. लग्नसराईत आमच्याकडे जे कपडे येतात त्यांतले निम्मे डागामुळे नव्हे, तर डागावर केलेल्या उपचारामुळे खराब झालेले असतात. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पहिलं, चोळू नका. ओला टिश्यू घेऊन खसाखसा घासलं की डाग धाग्यात आत जातो, कापडाचा तंतू फुटतो आणि टिश्यूचा पांढरा भुगा चिकटतो तो वेगळाच. घट्ट काही सांडलं असेल तर चमच्याच्या कडेने वरचं उचलून घ्या. मग सुती रुमाल डागावर ठेवून दाबायचा, रुमालाची कोरडी जागा घेऊन परत दाबायचा. डागाच्या बाहेरून आत यायचं, आतून बाहेर नाही, म्हणजे तो पसरत नाही.

दुसरं, सांडलं काय ते बघून हात घाला. दुधाचा चहा, दूध, दही यांना कधीही गरम पाणी लावू नका. दुधातली प्रथिनं गरम पाण्याने कापडातच शिजतात आणि घट्ट बसतात. गार पाणी, लगेच. तेलाचं मात्र उलट: पाणी लावून उपयोगच नाही. तेल सांडलं की त्यावर टाल्कम पावडर भरपूर टाका, पंधरा-वीस मिनिटं तशीच राहू द्या, ती तेल ओढते, मग झटका. घरी गेल्यावर भांड्यांचं लिक्विड थेंबभर लावून धुवा. मिसळीची तर्री, लोणचं, सावजीचा रस्सा या सगळ्यांना तेलाचा डागच समजा. तिखटाचा लाल रंग तेलात उतरलेला असतो, तेल निघालं तर रंगही बराचसा निघतो.

रेशमी साडीबद्दल: पाणी मारू नका. साध्या पाण्याचाही गोल डाग रेशमावर उठतो, तो काढणं चहाच्या डागाइतकंच कठीण असतं. कोरड्या रुमालाने फक्त टिपायचं, तेलकट असेल तर पावडर, आणि पुढचं काम दुकानात. जरीच्या काठावर सॅनिटायझर किंवा अत्तर लागू देऊ नका, जर काळवंडते. ब्लीच तर रेशमाला आणि लोकरीला चालतच नाही, धागा पिवळा पडतो आणि विरतो.

आणि सर्वांना एक विनंती. कपडा देताना काय सांडलं आणि कधी, हे सांगा. तेलाला एक औषध लागतं, साखरेच्या पाण्याला दुसरं. ड्रायक्लीनिंगच्या आधी आम्ही हाताने स्पॉटिंग करतो, म्हणजे एकेका डागावर वेगळं औषध लावतो, त्यात ही माहिती फार उपयोगी पडते. कोल्ड्रिंक किंवा सरबत वाळल्यावर दिसत नाही, म्हणून लोक सांगत नाहीत. त्यातली साखर कापडात राहते आणि इस्त्री फिरली की पिवळा-तपकिरी डाग वर येतो. मग तो निघणं अवघड.

कडीपत्ता

लिंबू आणि मीठ लावलं की सगळे डाग जातात असं आमच्याकडे करतात. हळदीला तर हमखास.

परीटघडी

@कडीपत्ता, पांढऱ्या सुती कापडावर लिंबू चालतं, थोडा फरकही पडतो. रंगीत आणि रेशमी कपड्यावर मात्र लिंबाने मूळ रंगच उडाल्याचे कपडे मी दर महिन्याला बघतो. मीठ घासलं की रेशमाची चकाकी जाते. सर्वांसाठी एकच औषध नाही.

खडूफळा

हळदीचं मी सांगतो, शाळेत रसायनशास्त्र शिकवत होतो.

हळदीचा पिवळा रंग म्हणजे कर्क्युमिन. त्याचा स्वभाव असा की आम्लात आणि साध्या पाण्यात पिवळा, अल्कलीत लालसर तपकिरी. साबण अल्कधर्मी असतो. म्हणून हळदीच्या डागाला साबण लावला की तो एकदम लाल होतो आणि माणसं घाबरून आणखी घासत सुटतात. घाबरायचं काही नाही, साबण पूर्ण धुऊन निघाला की तो परत पिवळा होतो. हळदीत चुना घालून कुंकू करायची जुनी रीत आहे, त्यात हाच गुण वापरलेला आहे. मुलांना वर्गात हे दाखवलं की ती जन्मभर विसरत नसत.

कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात आणि स्पिरिटमध्ये विरघळतं. त्यामुळे पांढऱ्या सुती कापडावर ताजा डाग असेल तर खाली कोरडा रुमाल धरून वरून सॅनिटायझरचे थेंब सोडावेत आणि टिपावं. रंग खालच्या रुमालात उतरतो. आधी आतल्या शिवणीवर एक थेंब टाकून बघावं. नेलपॉलिश काढायचं द्रव मात्र कधीही वापरू नका, काही कृत्रिम धागे त्यात चक्क विरघळतात.

राहिलेला फिकट डाग उन्हात वाळवावा. कर्क्युमिन उन्हात टिकत नाही. ओला कपडा दुपारच्या उन्हात डागाची बाजू वर करून घातला की एक-दोन दिवसांत पिवळेपणा जातो. आपल्या बायका हळदीच्या साड्या उन्हात घालतात ते अगदी बरोबर आहे. नागपूरच्या उन्हाला तर इतकाही वेळ लागायचा नाही.

जास्वंदी

सर, साबण लावला की डाग लाल का होतो हे कोडं आईला कित्येक वर्षं होतं. तिला वाचून दाखवलं, खूश झाली.

@परीटघडी, टाल्कम पावडरची छोटी डबी आणि दोन सुती रुमाल पिशवीत गेले. बेसन चालेल का पावडरीऐवजी? आई विचारतेय.

परीटघडी

तेल ओढतं, पण पांढऱ्यावर पिवळट राहू शकतं आणि ओलं झालं तर चिकटून बसतं. पावडरच बरी. तीही बिनवासाची, साधी.

उत्तरध्रुव

मी आईवडिलांना दर काही वर्षांनी इकडे विमानाने आणतो, म्हणून विमानाबद्दल थोडं.

विमानातल्या हवेचा दाब जमिनीवरच्यापेक्षा कमी ठेवलेला असतो, साधारण सहा ते आठ हजार फुटांवर असतो तितका. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांच्या आसपास आहे, म्हणजे त्याहून उंच. त्यामुळे दह्याची वाटी, पाण्याचा बंद प्याला, लोणच्याची पुडी, सगळं फुगलेलं असतं. पन्नी झटक्यात ओढली की आतलं थेट छातीवर उडतं. वाटी ट्रेवरच ठेवायची, तोंड समोरच्या सीटकडे करायचं, कोपऱ्याला बारीक फट पाडून आधी हवा जाऊ द्यायची, मग हळू उघडायचं. झाकणाच्या बाटलीचंही तसंच, विशेषतः नळीची बाटली. नळी वर करताच पाणी आपोआप चढून उडतं. उडण्यापूर्वी नळी उघडी ठेवून मग बंद केली तरी वर गेल्यावर ती फुगतेच, म्हणून वर एकदा झाकण फिरवून हवा सोडून द्यावी.

जेवणाच्या गरम डब्याची पन्नी काढताना आधी दूरची कड उचलायची, वाफ आणि रस्सा पलीकडे जातो. पट्टा ढिला करून पुढे सरकून बसलं की ट्रे आणि अंग यांतली फट बुजते. सांडतं ते नेहमी त्या फटीत.

घाटातही हे लहान प्रमाणात होतं. कोकणातून वर येताना डब्यातलं सोलकढीचं झाकण उघडताना फस्सकन आवाज येतो तो यामुळेच. कोकमाचा डाग काही सोपा नाही, तेव्हा झाकण अंगापासून लांब धरा.

सुईदोरा

आता अंगावर घालायच्या गोष्टीकडे येते. जास्वंदी, तुमची अट वाचून मला फार बरं वाटलं. बाजारात मोठ्या माणसांसाठी जे मिळतं ते बहुतेक दवाखान्यातल्यासारखं दिसतं. घालणाऱ्याला आपण आजारी आहोत याची आठवण घासागणिक करून देतं. म्हणून मी सासऱ्यांसाठी उपरण्यासारखं शिवलं होतं. तेच सांगते.

बाबांना खुर्चीत बसवा आणि गळ्याच्या खालच्या खळगीपासून मांडीच्या मध्यापर्यंत माप घ्या. त्यात सहा इंच मिळवा. रुंदी वीस इंच तरी हवी, दोन्ही खांदे झाकले जावेत. तीन थर लागतात. वरचा थर सुती, जाडसर, चौकडीचा किंवा मातकट-विटकरी रंगाचा. त्यावर चहा-हळद चटकन दिसत नाही. मधला थर जुन्या टर्किश टॉवेलचा, तो ओलावा शोषतो. खालचा थर बाळाच्या ड्रायशीटचं कापड, तो झब्ब्यापर्यंत पाणी जाऊ देत नाही. रेनकोटचं कापडही चालतं, पण ते खसखस वाजतं आणि घाम येतो.

महत्त्वाचं: तिन्ही थर फक्त कडेने शिवा. मधून टीप घालू नका. मधल्या टिपेच्या प्रत्येक भोकातून पाणी पाझरतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

खालची कड तीन इंच बाहेरून वर दुमडून दोन्ही टोकांना टाका घाला. हा खिसा. शितं, तुकडे त्यात पडतात, मांडीवर जात नाहीत. खिशाच्या तोंडाला बारीक दोरी घातली तर तो उघडा राहतो, नाहीतर चपटा होऊन बसतो.

वरची दोन टोकं खांद्यांवरून मागे न्यायची आणि मानेमागे एक टिचबटण. वेल्क्रो लावू नका, तो केसांना आणि रेशमाला ओढतो, काढताना फर्रकन आवाजही होतो आणि सगळे बघतात. पुढून बघितलं तर खांद्यावर उपरणं घेतलेला माणूस दिसतो, एवढंच.

आणि तुम्ही नागपूरलाच चालला आहात! तिकडे उन्हापायी बाया-माणसं सगळेच दुपट्टा गुंडाळतात. कोणी दुसऱ्यांदा वळूनही पाहणार नाही.

चाफा

@मोरपिशी, तुमचं म्हणणं पटलं. माझ्या सासूबाईंनाही असाच त्रास आहे आणि त्यांनी हल्ली बाहेर जेवणं बंद केलंय. सुईदोराताईंचं उपरणं त्यांच्यासाठी शिवते. बायकांसाठी काही बदल?

सुईदोरा

@चाफा, पदरासारखं करा. एका खांद्यावर रुंद, दुसरीकडे निमुळतं, आणि डाव्या खांद्यावर ब्रोचसारखी पिन. साडीच्याच रंगाचं कापड घेतलं तर शालीसारखं दिसतं. पिन साडीला टोचू नका, उपरण्याच्या दोन टोकांना एकमेकांतच अडकवा, नाहीतर रेशीम फाटतं.

घाटवाट

चहाबद्दल राहिलं होतं. गाडीतला कागदी कप दोन मिनिटांत मऊ पडतो आणि बोटांनी जरा दाबला की आत वळतो. विक्रेत्याकडून एक रिकामा कप जास्तीचा मागा आणि एकात एक घाला. अर्धाच कप घ्या, हवं तर परत घ्या. त्याहून चांगलं म्हणजे घरचा झाकणाचा स्टीलचा मग पुढे करायचा आणि त्यातच ओतून घ्यायचं. चहा देताना-घेताना कप माणसांच्या अंगावरून जातो, तेव्हाच सर्वांत जास्त सांडतं. कप जाळीच्या टेबलावर ठेवायला सांगा आणि तिथून उचला, हातातून हातात नको.

जास्वंदी

तुम्हा सर्वांचं ऋण कसं फेडू कळत नाही.

उपरणं शिवून झालं. कापड बाबांना घेऊन दुकानात गेले आणि त्यांनाच निवडू दिलं. त्यांनी विटकरी नाही, हिरवट चौकडी घेतली आणि शिंप्याला स्वतः सांगितलं की खिसा तीनऐवजी चार इंचांचा ठेव, चष्म्याची पेटीही त्यात राहील. घरी परात-उशीवर दहीभात आणि गुंडाळ्या खाऊन बघितल्या. उशी फार मऊ होती, परात कलंडत होती. तिच्याऐवजी घडी केलेलं ब्लँकेट ठेवलं तर बरोबर बसली. कोपर टेकायची युक्ती सर्वांत जास्त उपयोगी पडली.

काल नाशिकला मावशीकडे जाऊन आलो, मुद्दाम त्याच घाटातून. कसारा जाऊ दिला आणि इगतपुरी सुटल्यावर डबा उघडला. बाबा पोटभर जेवले आणि वर चहा मागून घेतला. थोडं सांडलं, उपरण्यावर. त्यांनी बघितलं, रुमालाने टिपलं आणि समोरच्या काकांशी गप्पा चालू ठेवल्या. मला याहून काही नको होतं.

एक शंका. हे उपरणं धुवायचं कसं? ड्रायशीटचं कापड मशीनला चालतं का?

सुईदोरा

वाचून डोळे भरून आले. बाबांना माझा नमस्कार सांगा, आणि चार इंच खिसा मी पण पुढच्या वेळी करते.

धुवायचं असं: गार किंवा कोमट पाणी, साधा साबण, मशीनमध्ये नाजूक कपड्यांच्या फेरीवर चालेल. ब्लीच नको. कपडे मऊ करायचं द्रव अजिबात घालू नका, त्याने टॉवेलचा थर पाणी शोषेनासा होतो. पिळताना मुरगळू नका, दाबून पाणी काढा. वाळवताना सुती बाजू उन्हाकडे ठेवा म्हणजे हळदीचा पिवळेपणा जाईल, ड्रायशीटची बाजू खाली. त्या बाजूने इस्त्री कधीही फिरवू नका, वितळते. नागपूरला जाताना दोन करून न्या, एक ओलं झालं तर दुसरं परतीच्या गाडीत लागेलच.